स्किल लॅबमधला व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून एक मुलगी लॅबमध्ये येत नाही

कापूसपट्ट्यातली ट्यूटर, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. नर्सिंग शिकवणाऱ्या सगळ्यांना विचारते आहे. शिकणाऱ्या मुलींनी उत्तर दिलं तर फारच बरं.

मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला शिकवते. ३८ मुली. बहुतेकींच्या घरी कापूस आणि तूर, काहींच्या घरी दुसऱ्याच्या वावरातली मजुरी, दोघी कोलाम पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) आलेल्या. यंदा मी फवारणीच्या विषबाधेचा सीन बसवला. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विष भिनून २० हून जास्त माणसं गेली, शेकडो भरती झाली. या मुली उद्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) किंवा ग्रामीण रुग्णालयात लागल्या की ऑगस्ट ते ऑक्टोबर हा पेशंट त्यांच्यापुढे येणारच. पुस्तकात तो 'ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग' असतो. दारात येतो तेव्हा मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवलेला असतो, तोंडाला फेस आणि शर्ट औषधानं चिंब.

आमच्याकडे महागडी डमी नाही, साधीच आहे. तिला जुना शर्ट-पायजमा घातला आणि कपडे निळीच्या पाण्यात भिजवले. जी मुलगी ग्लोव्हज न घालता कपड्यांना हात लावेल, तिच्या हातावर निळा डाग राहील, ही कल्पना होती आणि ती छान चालली. छातीतली घरघर मोबाइलवर लावून छोटा ब्लूटूथ स्पीकर डमीच्या पाठीखाली ठेवला. बुबुळं तपासली की 'टाचणीच्या टोकाएवढी', नाडी पाहिली की '५२', असं मी फळ्यावर लिहायचे. पेशंटची बायको एक मुलगी झाली: "सकाळपासून पंप पाठीवर होता जी, उलटी झाली अन् पडलेच." फोनवरचा डॉक्टर मी. अ‍ॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) ०.६ मिलिग्रॅमच्या ३ अँप्युल शिरेतून, ५ मिनिटांनी छाती ऐका, घरघर तशीच असेल तर दुप्पट, म्हणजे ६. सीन १० मिनिटांचा. चार मुली: एक टीम लीडर, एक औषधाला, एक सक्शन (तोंडातला फेस ओढून काढणं) आणि ऑक्सिजनला, चौथी मदतनीस. मोबाइल ट्रायपॉडवर लावून सगळं रेकॉर्ड केलं.

नंतर डीब्रीफिंगला, म्हणजे सीनवरच्या चर्चेला, मी आधी विचारलं, कपडे कधी काढले? तिघी म्हणाल्या, "लगेच." लीडर म्हणाली, "एक-दीड मिनिटात." मग व्हिडिओ लावला. कपडे निघाले ६ मिनिटं ४० सेकंदांनी. तोवर विष कातडीतून आत जातच होतं, आणि वरून अ‍ॅट्रोपिन देणं चालू होतं. सगळा वर्ग चूप. मी तोंडानं दहा वेळा सांगितलं असतं तरी हे पोचलं नसतं. त्या क्षणी मला वाटलं, व्हिडिओसारखं दुसरं साधन नाही.

आणि तिथंच माझं चुकलं. मी तो थांबवला नाही. पूर्ण १० मिनिटं, ३८ मुलींसमोर, प्रोजेक्टरवर चालू ठेवला. त्यात चौथी मुलगी तिसऱ्या मिनिटापासून जवळजवळ ४ मिनिटं भिंतीला टेकून उभी दिसते. दोन्ही हातांत एप्रनचं टोक. मागून कोणीतरी हसलं. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मी काहीच केलं नाही. खरा पेशंट असता तर माझ्यानं मेला असता."

याला अडीच आठवडे झाले. वर्गात येते, वॉर्ड पोस्टिंग चुकवत नाही, पण गुरुवारी लॅब असली की तिचं पोट दुखतं. तिचे वडील हंगामात रोजानं फवारणीला जातात, हे मला मागाहून वसतिगृहाच्या बाईंकडून कळलं.

माझं विचारणं असं: व्हिडिओ दाखवणं बंद करू का? की कमी दाखवू, वेगळा दाखवू? आणि या मुलीला परत कसं आणू? मला तिची मनापासून काळजी वाटते. वॉर्डात तिचा हात फार हलका आहे, लहान लेकरांना सुई टोचायला बाया तिलाच बोलावतात.


मेळघाटातून, धारणी

मॅडम, बंद करू नका. पण व्हिडिओकडून जे काम होत नाही, त्याची अपेक्षाही ठेवू नका.

आपल्याला वाटतं, स्वतःला पाहिलं की माणूस आपोआप शिकतो. अभ्यासांमधून तसं काही ठामपणे निघत नाही. २००६ साली टोरांटोमध्ये भूलशास्त्र शिकणाऱ्या ४२ निवासी डॉक्टरांवर एक प्रयोग झाला. एका गटाशी सीननंतर काहीच बोलले नाहीत, एका गटाशी नुसतं बोलले, एका गटाशी व्हिडिओ दाखवत बोलले. बोललेले दोन्ही गट सुधारले, पण व्हिडिओवाले नुसत्या बोललेल्यांपेक्षा पुढे गेले नाहीत. २०१२ मध्ये अमेरिकेत नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर जो अभ्यास झाला, त्यात व्हिडिओ पाहिलेल्यांचा हात जलद झाला, मात्र माहिती जास्त टिकली ती नुसतं बोललेल्यांची. २०१४ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही व्हिडिओचा खास फायदा दिसला नाही. म्हणजे शिकणं होतं ते बोलण्यातून. व्हिडिओ त्या बोलण्याला पुरावा देतो, बस.

तुमचंच उदाहरण घ्या. '६ मिनिटं ४०' हा पुरावा होता. आठवण एक सांगत होती, घड्याळ दुसरं. तेवढा तुकडा दाखवला, आता बंद करायचा आणि विचारायचं, या सहा मिनिटांत तुम्ही कशात गुंतल्या होत्या? १० मिनिटांच्या सीनला २० ते ३० मिनिटं डीब्रीफिंगला द्यावीत असा साधारण संकेत आहे. त्यातली १० तुम्ही पडद्याला दिली. राहिल्या वेळात बोलणार कोण?

मी असं करतो. सीन चालू असताना कागदावर फक्त वेळा लिहून ठेवतो. १:५०, ४:१०, असं. नंतर मुलींशी आधी बोलतो, आणि जिथं त्यांची आठवण आणि माझी नोंद जुळत नाही तेवढंच ३०-४० सेकंद दाखवतो. एका सीनचे दोन तुकडे, तिसरा नाही. त्यातला एक तरी तुकडा नीट जमलेल्या कामाचा असतो. आणि बघणाऱ्या कोण? ज्यांनी सीन केला त्याच. बाकीचा वर्ग त्या वेळी दुसऱ्या टेबलावर सलाईन लावायचा सराव करतो. ३८ जणींसमोर चौघींची चूक लावली की ते डीब्रीफिंग राहत नाही, पंचायत बसते.

विचारायची रीतही महत्त्वाची. 'का केलं नाही?' म्हटलं की मुलगी मिटते. मी तीन गोष्टी जोडून बोलतो: मला काय दिसलं, मला कशाची काळजी वाटली, आणि तुझ्या मनात तेव्हा काय होतं. "मला दिसलं की तिसऱ्या मिनिटाला तू मागं सरकलीस. मला काळजी वाटली, कारण शर्ट अजून अंगावर होता. तेव्हा तुला काय वाटत होतं?" तिसरा प्रश्न विचारून झाला की आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला शिकायला दोन वर्षं लागली.

एक विचारतो. प्रोजेक्टरवर आवाज होता का? नुसत्या चित्रावरून ती 'उभी राहिली' असं ठरवू नका.


निवृत्त सिस्टर, वर्धा

बाई, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून मी पण मोकळं लिहिते.

व्हिडिओचं मला काही कळत नाही. आमच्या वेळी सिस्टर ट्यूटर हातातली ट्रे खाली ठेवायला लावायच्या आणि सगळ्यांपुढं बोलायच्या. १९८१ मधलं एक बोलणं मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. तेव्हा मी काय चुकले होते ते मात्र आठवत नाही. तुमच्या पोरीचं तसं होऊ देऊ नका.

तुमच्या लिहिण्यात मला एक शब्द खटकला. 'मदतनीस'. लीडरला काम आहे, औषधवालीला काम आहे, सक्शनवालीला आहे. मदतनीस म्हणजे कोण? जिला कोणी सांगेल तेव्हा ती करेल. कोणी सांगितलंच नाही. कॅज्युअल्टीत मी नव्या पोरीला कधी असं मोकळं सोडलं नाही. "तू कैची घे, कपडे काप, साबण-पाणी तुझं, केस आणि नखं पण तुझीच." विषबाधेत श्वासाकडं आणि कपड्यांकडं एकाच वेळी पाहावं लागतं, चार जणी असल्या की ते जमतं. तुमच्या सीनमध्ये सगळ्यात मोठं काम बिनमालकाचं होतं आणि पोरगी बिनकामाची. यात तिचा दोष किती?

दुसरं. जिचा बाप फवारतो, तिच्यासमोर निळा शर्ट घातलेली डमी ही डमी नसते. आमच्या वॉर्डात जळालेली बाई आली की मी आधी बघायची, ड्युटीवरच्या कोणत्या पोरीच्या घरी तसं काही झालंय. सीनच्या आदल्या दिवशी सांगा की उद्या फवारणीचा पेशंट आहे. कोणाच्या घरी असं झालं असेल, कोणाला जड जाणार असेल, तर मला एकटीला येऊन सांगा. कारण विचारू नका. तिला घरधनिणीचा पार्ट द्या नाहीतर वेळ लिहायला बसवा.

आणि जी हसली, तिच्याशी कोणी बोललं का?


तिसरं वर्ष, गडचिरोली

मॅडम, मी विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं भीत भीत लिहिते.

आमच्याकडे बाळाला श्वास देण्याचा सीन होता. जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग-मास्क सुरू व्हायला पाहिजे, ते 'गोल्डन मिनिट'. मी केलं, मग आम्हाला व्हिडिओ दाखवला. खरं सांगते, पहिल्यांदा मी बाळाकडे पाहिलंच नाही. मी माझे केस पाहिले, माझं पोट पाहिलं, माझा आवाज असा चिरका आहे का ते ऐकत राहिले. मॅडम काय सांगत होत्या काही डोक्यात गेलं नाही. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दिसलं की मास्क हनुवटीवरून सरकलेला आहे आणि छाती वर येतच नाही. मला तर वाटत होतं मी एकदम बरोबर देऊन राहिली.

म्हणून मला वाटते की पहिला व्हिडिओ असा सीनचा नसावा. पहिल्या आठवड्यात साधं हात धुण्याचं रेकॉर्डिंग करावं आणि ज्याचं त्यानं मोबाइलवर पाहावं. एकदा स्वतःला पाहून झालं की नंतर इतकी लाज वाटत नाही.

कॅमेरा तोंडावर नको, हातांवर आणि पेशंटवर लावावा. आमच्या मॅडमनी नंतर तो वरून, खिडकीच्या गजाला बांधून लावला. फक्त हात दिसतात. हात पाहून कोणी हसत नाही.

आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावा. आमच्या सीनियर बॅचमध्ये कोणीतरी पडद्यावरचा तुकडा रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. त्या ताईच्या गावापर्यंत गेला. आता आमच्याकडे आधी कागदावर सही घेतात, कोण पाहणार आणि कधी डिलीट करणार हे त्यावर लिहिलेलं असते. सही नाही केली तरी चालते, मग त्या गटाचं रेकॉर्डिंग होत नाही.

तुमच्या मुलीला सांगा, माझ्यासारख्या बऱ्याच आहेत.


कापूसपट्ट्यातली ट्यूटर, यवतमाळ जिल्हा

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण आधी काही गोष्टी करून पाहायच्या होत्या.

मेळघाटच्या सरांनी आवाजाचं विचारलं आणि मी जागच्या जागी थांबले. प्रोजेक्टरला स्पीकर नाही. आमच्याकडे ब्लूटूथ स्पीकर एकच, तो डमीच्या पाठीखाली होता. म्हणजे वर्गात मी मुका व्हिडिओ दाखवला होता, आणि स्वतःही तो आवाजासकट एकदाही पाहिला नव्हता. त्या रात्री इअरफोन लावून बसले. घरघर इतकी मोठी की बाकी सगळं तिच्याखाली दबलेलं. तरी दोनतीनदा मागंपुढं करून ऐकल्यावर सापडलं. १ मिनिट ५० ला ती मुलगी म्हणते, "कपडे ओले हायेत." कोणी वळत नाही. २:३५ ला पुन्हा, थोडं मोठ्यानं, "ताई, कपडे ओले हायेत ना याचे." तेव्हा लीडर पाठमोरी आहे, अँप्युल मोजते आहे. त्यानंतर ही दोन पावलं मागं जाते आणि भिंतीला टेकते.

चौघींमध्ये ज्या गोष्टीसाठी मी हा सीन बसवला, ती सगळ्यात आधी तिलाच दिसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर तिच्याजवळ बसले. आधी माफी मागितली, सगळ्यांपुढं दाखवल्याबद्दल. मग विचारलं, तुझा एक तुकडा ऐकशील का, फक्त तूच? बराच वेळ नाही म्हणाली, मग इअरफोनचं एक टोक घेतलं. ऐकून झाल्यावर तिला बरं वाटेल असं मी धरून चालले होते. तिनं एवढंच विचारलं, "मग मॅडम, कोणी ऐकलं काऊन नाही?" मला सांगावं लागलं की स्पीकर मी पूर्ण आवाजात ठेवला होता. सीन खरा वाटावा म्हणून. ती म्हणाली, "दवाखान्यात बी तेवढाच गोंगाट राहते."

वडिलांबद्दल मी काही विचारलं नाही, ती आपणहून बोलली. गेल्या हंगामात त्यांना दोन दिवस दिसायला अंधुक झालं होतं. आई अंगावरचे कपडे बदलायला सांगत होती, ते म्हणत होते आता एवढं तास (कापसाची ओळ) आटपू दे. मी ऐकत राहिले. सरांनी सांगितलेलं गप्प बसणं त्या दिवशी मला पहिल्यांदा जमलं असेल.

मग तिच्या परवानगीनं तो १२ सेकंदांचा तुकडा फक्त बाकीच्या तिघींना ऐकवला. ती स्वतः आली नाही, तिला यायचं नव्हतं. लीडर रडवेली झाली. म्हणाली, मी अ‍ॅट्रोपिन मोजत होते, मला काहीच ऐकू आलं नाही. त्यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली. तिघींनी मिळून ठरवलं की काही दिसलं तर आधी नाव घ्यायचं, मग बोलायचं, आणि जिचं नाव घेतलं तिनं ते वाक्य परत म्हणायचं. तोवर सोडायचं नाही, हाताला धरून सांगायचं. मी पुस्तकातला 'क्लोज्ड लूप' (ऐकलेलं परत म्हणून दाखवणं) दोनदा शिकवला होता. हाताला धरण्याचं त्यात नाही, ते या मुलींचं.

सिस्टरबाई, तुमचं 'मदतनीस'वरचं वाचून मी सीनचा कागद फाडला आणि नवा लिहिला. चौथीच्या पुढं आता 'कपडे, साबण-पाणी, ग्लोव्हज सगळ्यांना' असं आहे. हसलेल्या मुलीशीही बोलले. ती घाबरून हसली होती, तिच्या गटाचा नंबर पुढचा होता.

ती लॅबमध्ये येते म्हणाली आहे. कॅमेऱ्यापुढं नको म्हणाली. मी बरं म्हटलं. या गुरुवारी ती घड्याळ घेऊन वेळा लिहिणार आहे, त्या वेळांवरूनच आम्ही तुकडे काढू. सह्यांचा कागद तयार केला. मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून पाहिला, हात आणि डमी नीट दिसतात, फक्त दुपारी दीडनंतर ऊन थेट लेन्सवर येतं, तिथं जुनी चादर लावावी लागेल.

मेळघाटचे सर, आवाजाचं अजून एक विचारायचं आहे. स्पीकर अर्ध्यावर आणला तरी वरून लावलेल्या मोबाइलमध्ये मुलींचं बोलणं पुसटच येतं, पंख्याचा आवाज जास्त येतो. तुम्ही कॉलरला लावायचा माइक वापरता का, की दुसरा एक मोबाइल डमीच्या उशाशी नुसता आवाजासाठी ठेवला तर भागेल?


मेळघाटातून, धारणी

उशाशी दुसरा मोबाइल ठेवा, आम्ही तेच करतो. दोन्ही सुरू केल्यावर एकदा टाळी वाजवा, नंतर त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा सीनची १० मिनिटं बंद ठेवा. आणि तुमच्या वेळ लिहिणाऱ्या मुलीला सेकंदासकट लिहायला सांगा, नाहीतर तुकडा शोधताना जीव जातो.